मूल का गेलं, तेही लिहून घ्या

प्रति,
मा. गृहमंत्री, मा. महिला व बालविकास मंत्री आणि मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य;
तसेच सर्व जिल्ह्यांचे पोलीस अधीक्षक, बाल कल्याण समित्यांचे अध्यक्ष व सदस्य, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि बालगृहांचे अधीक्षक यांस



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं ऊसतोड कामगारांची आहेत. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. मधले पाच-सहा महिने कितीतरी मुलं आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे, मामाकडे असतात. त्यांचं दुखलंखुपलं बघायला हक्काचं माणूस घरात नसतं. अशा मुलांपैकी एखादं एके दिवशी घरातून निघून जातं, तेव्हा काय होतं आणि काय होत नाही, हे जवळून पाहिल्यामुळे आपल्याला लिहिते आहे.

माझं म्हणणं एकच आहे. घरातून, शाळेतून किंवा बालगृहातून गेलेलं मूल सापडलं की आपली सगळी यंत्रणा काम संपलं असं धरून चालते. ते मूल का गेलं होतं, हे विचारून लिहून ठेवणं आज प्रत्यक्षात कोणाचंच काम नाही. ते कोणाचं तरी ठरवून द्या. त्या उत्तराशिवाय मूल परत पाठवणं म्हणजे ज्याला भिऊन ते पळालं, त्याच्याच हाती त्याला पुन्हा देणं होऊ शकतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ८३,३५० मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यांत ६२,९४६ मुली होत्या. त्याच वर्षी ८०,५६१ मुलांचा शोध लागला, यात आधीच्या वर्षांत हरवलेलीही आली. हे आकडे वाचून मन थोडं निवतं. बहुतेक मुलं सापडतात, आणि त्यामागे हवालदारांचे, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानांचे, संस्थांच्या कार्यकर्त्यांचे कष्ट आहेत. ते मी नाकारत नाही. पण चार हरवलेल्या मुलांत तीन मुली का, याचं उत्तर त्या तक्त्यांत नाही. सापडलेल्यांपैकी किती जण पुन्हा गेले, किती शाळेत परतले, किती मुलींची लग्नं त्याच वर्षी उरकली, याचेही रकाने नाहीत. आपण मोजतो ते जाणं आणि येणं. कारण मोजत नाही.

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीचं सांगते. तिचं नाव, गाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं. आईवडील कोल्हापूरकडे तोडीला गेलेले, मुलगी आजीजवळ. सोमवारी ती वर्गात आली नाही. आजीला वाटलं, मावशीकडे गेली असेल, कारण ती अधूनमधून जायची. मावशीकडे नाही हे कळायला गुरुवार उजाडला. आजी आधी शाळेत आली, मग आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो.

ठाणे अंमलदारांचं टेबल. पलीकडे बिनतारी संचाची खरखर, बाकावर मोटारसायकल चोरीची फिर्याद घेऊन बसलेले दोघे. आजीनं पदराच्या गाठीतून मुलीचं आधार कार्ड काढून पुढे ठेवलं. कार्डावरचा फोटो ती पहिलीत असतानाचा. पहिला प्रश्न आला, “फोनवर कोणाशी बोलायची का?” आजी म्हणाली, “सायेब, तिच्याकडं फोनच न्हाई. वह्या-पुस्तकं घरात हायती. एक ड्रेस तेवढा न्हाई.” मग घरात भांडण झालं का, गावात कोणी पोरगा तिच्याबरोबरच गायब आहे का, नातेवाइकांकडे नीट बघितलं का. “उद्यापर्यंत वाट बघा. अशा पोरी येतात परत.” वयाचा पुरावा हवा म्हणून मी शाळेत जाऊन बोनाफाईड आणलं. फोटो हवा म्हणून सहलीच्या फोटोतला तिचा चेहरा मोठा करून आणला. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. गुन्हा नोंदला गेला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

हे सगळे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. तपासाला ते लागणारच. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी नोंद, संदेश, फोटो रवाना, आणि मग प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी हे स्वच्छ सांगितलं आहे: मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे जायला हवा. एप्रिल २०२५ मध्ये मुलांच्या तस्करीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं की उलट सिद्ध होईपर्यंत हरवलेल्या मुलाचं प्रकरण अपहरण किंवा तस्करीचंच समजा. पूर्वी अपहरणाच्या कलमात मुलग्याचं वय सोळाखाली आणि मुलीचं अठराखाली लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम १३७ ने तो भेद काढून टाकला. आता अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. महाराष्ट्रात अशा प्रकरणी गुन्हा नोंदवण्याची पद्धत बऱ्यापैकी रुळली आहे, हे मी कौतुकानेच लिहिते. पण सकाळी अकरा ते दिवेलागण हा जो वेळ जातो, तो कोणत्याच अहवालात दिसत नाही. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, टोलनाका, सगळं त्या वेळात मागे पडतं.

‘पळून गेली असेल’ हा समज टेबलावर इतका पक्का बसलेला असतो की तो तपासाच्या आधीच तपास संपवतो. सोळा-सतरा वर्षांच्या काही मुली खरंच एखाद्या मुलाबरोबर जातात. पण लग्नाचं आमिष हेच तर मुली विकणाऱ्यांचंही पहिलं पाऊल असतं. पहिल्या दिवशी ठाण्यात बसून यातलं कोणतं खरं, हे कोणीही सांगू शकत नाही. आणि मुलगी आपल्या मर्जीने गेली असली, तरी घर सोडण्याइतकी वेळ तिच्यावर का आली, हा प्रश्न उरतोच.

आता त्या मुलीचं पुढचं ऐका. आम्ही गुरुवारी ठाण्यात बसलो होतो तेव्हा ती हरवलेली नव्हतीच. रविवारी रात्री जालन्याला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसून सोमवारी सकाळी ती कल्याणला उतरली होती. फलाटावर बराच वेळ एकटी बसलेली पाहून रेल्वे सुरक्षा दलाच्या एका महिला शिपायानं तिला हटकलं, खायला दिलं, आणि नियमाप्रमाणे बाल कल्याण समितीपुढे नेऊन तिला ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात ठेवलं गेलं. त्या शिपाई बाईंचे मी मनापासून आभार मानते. मुलीनं नाव खोटं सांगितलं, गावही खोटं सांगितलं. घाबरलेली मुलं असंच करतात आणि हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे सोमवारपासून राज्याच्या एका खात्याकडे ती मुलगी होती, आणि गुरुवारपासून दुसरं खातं तिला शोधत होतं. दोघांची गाठ पडायला आणखी अकरा दिवस लागले. तीही एका कार्यकर्तीनं दोन व्हॉट्सॲप गटांतले फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणून पडली.

ही गाठ घालून देण्यासाठीच ट्रॅकचाइल्ड पोर्टल झालं, २०१५ मध्ये खोया-पाया आलं, आता मिशन वात्सल्यचं पोर्टल आहे. हरवलेल्या मुलाची माहिती पोलिसांनी भरायची, सापडलेल्या मुलाची बालगृहाने भरायची, आणि दोन्ही जुळवायची, ही कल्पना उत्तम आहे. माहिती त्याच दिवशी भरली तरच तिचा उपयोग. जिथे एका माणसाकडे सहा कामं आहेत आणि नेट संध्याकाळी येतं, तिथे भरणं आठवड्यावर जातं. यासाठी नवं पोर्टल नको आहे. मूल बालगृहात दाखल झालं त्या दिवशी मावळतीच्या आत त्याचा फोटो चढलाच पाहिजे, आणि तो चढला नाही तर कोण जबाबदार, एवढं एका ओळीत ठरवून द्या.

मुलीला आमच्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे आणलं त्या दिवशी मीही गेले होते. व्हरांड्यात ती माझ्याशेजारी बसली. मी काही विचारलं नव्हतं. तीच हळू आवाजात म्हणाली, “सोमवारी सुपारी फुटणार होती, मॅडम. काकानं ठरवलं होतं. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली आम्ही आल्यावर बघू.” तिचं वय पंधरा. आत गेल्यावर तिला विचारलं गेलं, घरी जायचंय का? समोर चुलता, शेजारी पोलीस. ती हो म्हणाली. हमीपत्र झालं, ताबा पावती झाली. पोलिसांच्या नोंदीत ‘मिळून आली’ असा शेरा पडला आणि प्रकरण निकाली निघालं.

कायद्यात काय आहे बघा. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २ मधल्या चौदाव्या व्याख्येत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ कोण, हे सांगितलं आहे. ज्याचं लग्न वयाआधी लावलं जाण्याचा धोका आहे ते मूल त्यात नाव घेऊन येतं. म्हणजे ती पळाली नसती, घरीच असती, तरी समितीच्या संरक्षणाची हक्कदार होती. कलम ३६ प्रमाणे सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत व्हायला हवी आणि समितीनं चार महिन्यांत अंतिम आदेश द्यायला हवा. इतका वेळ कायद्याने दिला तो घाई होऊ नये म्हणूनच. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे, आणि आपल्या राज्यात खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तिच्या तोंडचं ते एक वाक्य कागदावर आलं असतं, तर ग्रामसेवकाला त्याच दिवशी पत्र गेलं असतं. ते कागदावर आलं नाही. चूक त्या एका समितीची आहे असं मला म्हणायचं नाही. समोर फायलींचा गठ्ठा, बाहेर व्हरांडाभर माणसं, गृहचौकशी करायला पुरेसे लोक नाहीत. पण मुलाला एकटं बसवून, नातेवाईक आणि गणवेश दोन्ही बाहेर ठेवून, शांतपणे विचारायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास सक्तीचा करा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठरा वर्षांच्या आधी झाली होती. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण याहून पुष्कळ जास्त आहे. हा आकडा आरोग्य खात्याकडे असतो आणि हरवलेल्या मुलींचा गृहखात्याकडे. दोन्ही आकडे एका टेबलावर ठेवून आमच्या तालुक्याकडे बघा. कितीतरी मुलींचं घर सोडणं हा गुन्ह्याचा भाग नाही, गुन्हा टाळण्याचा त्यांचा एकट्यांचा प्रयत्न आहे, हे कळून येईल.

मुलग्यांची कारणं वेगळी. मार, दारुडा बाप, नापास होण्याची धास्ती, हॉटेलात काम मिळेल ही आशा, मुंबई बघायची ओढ. तेही परत येतात आणि त्यांनाही कोणी विचारत नाही. कित्येकदा आल्या आल्या पहिली थप्पड बसते, तीही चार लोकांसमोर.

आता न सापडलेल्या मुलांबद्दल. मुंबईतली एक गोष्ट बहुतेक मराठी वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींचा तपास होता. त्यांनी १६५ शोधल्या. एक राहिली. जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झालेली सात वर्षांची मुलगी. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले, पण शोध सोडला नाही. ती मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका जोडप्यानं तिला नेलं होतं, मधली काही वर्षं कर्नाटकात वसतिगृहात ठेवलं, आणि नंतर परत अंधेरीतच आणून कामाला लावलं होतं. सापडली तेव्हा ती आपल्या घरापासून काहीशे मीटरवर राहत होती. ती जिथे कामाला होती तिथल्या एका बाईनं तिची हकीकत ऐकून इंटरनेटवर शोध घेतला, जुनं पोस्टर सापडलं, आणि त्यावरच्या क्रमांकांपैकी एक लागला. तो शेजाऱ्याचा होता.

भोसल्यांपुढे मी हात जोडते. पण या गोष्टीचं आपण जे केलं, ते मला खटकतं. आपण तिला एका भल्या पोलिसाच्या चिकाटीची कथा केली आणि समाधान पावलो. अधिकारी बदलतो, निवृत्त होतो. त्याच्याबरोबर ती फाईल कोणाच्या हाती गेली? त्या घरच्यांना दर वर्षी कोणी फोन करून सांगितलं का, की शोध चालू आहे? पोस्टरवरचे क्रमांक चालू आहेत की नाही, हे कोण तपासतं? नऊ वर्षांत ते मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणि तिथून परत आलं. हे मूल कोणाचं, असं विचारण्याची जागा वाटेत कुठेच नव्हती का? अठरा पूर्ण होईपर्यंत प्रत्येक न सापडलेल्या मुलाच्या फाईलवर एका चालू नोकरीतल्या अधिकाऱ्याचं नाव असावं, आणि चार्ज देताना-घेताना त्या फाइली मोजून द्याव्यात, जशी ठाण्यातली हत्यारं मोजून देतात.

आणि सुरुवातीची ढिलाई पुढे न्यायालाही कशी खाते, ते निठारीने दाखवलं. नोएडातल्या त्या गावातून २००५-०६ मध्ये गरिबांची मुलं जात होती, आईबाप ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. डिसेंबर २००६ मध्ये सांगाडे सापडले तेव्हा देश हादरला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने पी. सी. शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली हरवलेल्या मुलांवर समिती नेमली, तिने २००७ मध्ये अहवाल दिला. पुढे २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपल्यापुढच्या प्रकरणांत दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवलं आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. ती मुलं कोणी मारली, हे त्यांच्या आईबापांना आजही माहीत नाही.

बालगृहातून जाणाऱ्या मुलांबद्दल फार कमी बोललं जातं, कारण बोललं की संस्थेची नाचक्की होते. मूल भिंत ओलांडून गेलं की अधीक्षक आधी आपल्या माणसांना पाठवतात, पोलिसांना कळवायला रात्र होते. मग भिंतीवर काचा लागतात, खिडक्यांना जाळ्या येतात, संध्याकाळचं खेळणं बंद होतं. मूल परत आलं तर त्याला सगळ्यांसमोर उभं करतात. आत मोठी मुलं मारतात का, रात्रपाळीचा माणूस कसा वागतो, भावाबहिणीला दुसऱ्या संस्थेत टाकलं म्हणून ते त्यांच्याकडे निघालं होतं का, हे कोणी विचारलं तर भिंतीला काचा लावायची गरजच उरणार नाही. आश्रमशाळांचंही तसंच. सणाला घरी गेलेली मुलं परत येत नाहीत किंवा मधूनच डोंगरवाटेनं पाड्यावर निघून जातात. त्या वाटेवर त्यांचं काही बरंवाईट झालं तर पालकांना वाटत असतं मूल शाळेत आहे, आणि शाळेला वाटत असतं घरी आहे. बालगृहातून काळजीखातर ठेवलेलं मूल गेलं, तर ते कैदी पळाल्यासारखं लिहू नका. ते आरोपी नाही. ते तुमच्या छपराखाली होतं आणि तिथे थांबावंसं त्याला वाटलं नाही, ही चौकशी सुरू करण्याइतकी मोठी गोष्ट आहे. आणि ती चौकशी त्याच संस्थेने करू नये.

शाळेबद्दल बोलायला मला सर्वांत जास्त अधिकार आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्या व्याख्येप्रमाणे पटावरचं मूल सलग महिनाभर आलं नाही तर ते शाळाबाह्य. महिनाभर! हजेरीपटात रोज एक ‘गै’ पडत जातो आणि महिन्याने ते मूल एका सर्वेक्षणात येतं. बालरक्षक शिक्षक धडपडतात, अनेकांनी स्वतःच्या गाड्यांना पेट्रोल घालून तोडीवरच्या कोपीपर्यंत (झोपडीपर्यंत) जाऊन मुलं परत आणली आहेत. स्थलांतर होणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. पण ही सगळी व्यवस्था मूल ‘शिकत आहे का’ हे बघते. ते सुखरूप आहे का, हे पहिल्या दिवशी कोणी बघायचं ते ठरलेलं नाही. दुपारच्या सुट्टीच्या आत न आलेल्या मुलाच्या घरी एक फोन गेला असता, आणि घरच्यांना त्याचा ठावठिकाणा सांगता आला नाही तर तिथूनच ११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा १०९८ या बाल मदतवाहिनीवर दुसरा फोन गेला असता, तर आमच्या त्या मुलीच्या बाबतीत गुरुवारचं काम सोमवारी झालं असतं. हा फोन कोणी करायचा ते मुख्याध्यापकांनी लेखी ठरवावं. शिक्षकांवर आणखी एक काम, असं माझेच सहकारी म्हणतील. निवडणुकीच्या याद्यांपासून कितीतरी कामं आम्ही करतो. त्या कामांपेक्षा हे काम जास्त आमचं आहे.

१०९८ बद्दलही एक विनंती. ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली आणि देशभर पसरली. २०२३ पासून तिचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला आणि ती ११२ ला जोडली. सरकारने जबाबदारी घेतली हे योग्यच. पण फोन उचलल्यावर मुलापर्यंत चालत जाणारं माणूस लागतं. पूर्वी ते माणूस बहुधा जवळच्या संस्थेचं असे, वस्ती ओळखणारं. आता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे त्यासाठी तालुकापातळीवर माणूस आणि वाहन आहे का, हे आपण स्वतः बघा.

परत आलेल्या मुलाशी बोलण्याची पद्धत जगात नवीन नाही. इंग्लंडमध्ये घरातून किंवा संगोपनगृहातून गेलेलं मूल परत आलं की ७२ तासांत त्याच्याशी स्वतंत्र व्यक्तीनं बोलावं, असं तिथल्या सरकारनं २०१४ पासून स्थानिक प्रशासनांना सांगितलं आहे. तिथेही ते सगळीकडे नीट होतं असं नाही. पण निदान ते कोणाचं तरी काम आहे आणि झालं नाही तर जाब विचारता येतो. आपल्याकडे समुपदेशक आहेत, परिविक्षा अधिकारी आहेत, शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा २०२२ चा शासन निर्णय आहे, गावोगावी ग्राम बाल संरक्षण समित्या आहेत, निदान फलकावर तरी आहेत. माणसं नाहीत असं पूर्ण खरं नाही. त्यांना हे काम नेमून दिलेलं नाही.

म्हणून मागणी अशी. हरवून परत आलेल्या प्रत्येक मुलाशी तीन दिवसांत, पोलीस किंवा पालक नसलेल्या, मुलीच्या बाबतीत शक्यतो स्त्री असलेल्या प्रशिक्षित व्यक्तीनं एकट्यानं बोलावं. मूल जे सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहावं आणि ते वाचल्याशिवाय समितीनं ताब्याचा आदेश देऊ नये. घरी पाठवलं तर एका महिन्यानं आणि पुन्हा तीन महिन्यांनी कोणीतरी घरी जाऊन मुलाला डोळ्यांनी बघावं. शाळेत विचारावं, ते येतं का. घरी पाठवणं धोक्याचं असेल आणि आजीसारखं मायेचं माणूस असेल, तर तिला बळ द्यावं. त्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात, पण आमच्या गावातल्या किती आज्यांना ते माहीत आहे? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मान्यता मिळाली. मुलींचं वसतिगृह ज्या तालुक्यात खरोखर चालू आहे, तिथे आईबाप तोडीला गेल्यावर मुलीला चुलत्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही. उरलेली लवकर चालू करा.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. तीन खात्यांचं एक संयुक्त परिपत्रक लागतं, आणि ते पाळलं का हे विचारणारा जिल्ह्यात एक अधिकारी लागतो. ज्या मुलीबद्दल मी लिहिलं ती परत आल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिचा शाळा सोडल्याचा दाखला चुलता घेऊन गेला. दुसऱ्या कोणत्याही शाळेतून तिच्याबद्दल विचारणा आलेली नाही. तिची चौकशी व्हावी म्हणून मी संबंधित कार्यालयांना लेखी कळवलं, पोचही घेतली. पोलिसांच्या दप्तरी ती सापडलेली आहे, त्यामुळे तिला आज कोणीही शोधत नाही.

येत्या अधिवेशनात आपल्यापैकी कोणी या विषयावर निवेदन केलं, तर हरवलेली आणि सापडलेली मुलं किती, एवढ्यावर थांबू नका. सापडलेल्यांपैकी किती मुलांना एकट्यानं विचारलं गेलं, किती मुलांनी घरातलं, शाळेतलं किंवा संस्थेतलं कारण सांगितलं, आणि आज त्यांतली किती शाळेत आहेत, हे जिल्हावार जाहीर करा.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका